निद्रा-जागृती दोष (लिनक्स हँडहेल्ड)

लिनक्सवर चालणारे हातातले गेमिंग यंत्र (हँडहेल्ड) झोपेतून उठते, पडदा उजळतो, आवाजही येतो. मात्र अंगच्या बटणांना आणि स्टिकना प्रतिसाद मिळत नाही. कधी याच्या उलट घडते: बॅगेत ठेवलेले यंत्र आपोआप जागे होऊन तापत राहते. या दोन्ही बिघाडांचा विचार सहसा एकत्र केला जातो. व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम डेक हे यंत्र (फेब्रुवारी २०२२) आल्यानंतर हा विषय सर्वसामान्य वापरणाऱ्यांपर्यंत पोचला. लिनक्सवरची हँडहेल्ड यंत्रे अर्थात त्याहून जुनी आहेत. दक्षिण कोरियातील जीपी२एक्स हे २००५ सालचे.

झोपेचे मुख्य प्रकार दोन. एस३ मध्ये रॅम वगळता बहुतेक भागांचा वीजपुरवठा थांबतो आणि उठवण्याचे काम फर्मवेअरपासून (हार्डवेअरमध्येच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरपासून) सुरू होते. एस२आयडलमध्ये कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू प्रक्रिया गोठवतो, उपकरणांना कमी विजेवर नेतो आणि प्रोसेसरला खोल विश्रांतीत सोडतो. हा दुसरा प्रकार कर्नलमध्ये २०१३ च्या सुमारास, आवृत्ती ३.९ पासून आला. विंडोज मॉडर्न स्टँडबाय या अशाच हलक्या झोपेकडे वळल्यावर अनेक उत्पादकांनी एस३ ची सोय काढून टाकली, त्यामुळे पुष्कळ नव्या हँडहेल्डवर एस२आयडलखेरीज पर्याय उरलेला नाही.

कंट्रोलर यंत्राच्या अंगचाच दिसतो, पण बहुतेक यंत्रांत तो स्वतःचा मायक्रोकंट्रोलर व फर्मवेअर असलेला वेगळा घटक असून मुख्य प्रोसेसरशी आतल्या आत यूएसबीने जोडलेला असतो. बटणे न चालण्याच्या दोषाचे मूळ कोठे, याबद्दल तीन मते आढळतात.

पहिले मत कर्नलच्या यूएसबी हाताळणीला जबाबदार धरते. झोपेत पुरवठा तुटलेले उपकरण उठल्यावर रीसेट केले जाते व त्याची वर्णके (उपकरणाने स्वतःची दिलेली ओळख-माहिती) पडताळली जातात. ती जुळली नाहीत किंवा उत्तर वेळेत आले नाही, तर उपकरण निघून गेले असे धरून त्याची नव्याने नोंद होते. चालू गेम मात्र जुन्या नोंदीकडेच कान लावून बसतो. दुसरे मत मधल्या थराकडे बोट दाखवते. हँडहेल्ड डीमन, इनपुटप्लंबर यांसारख्या सेवा खरा कंट्रोलर लपवून गेमपुढे आभासी कंट्रोलर ठेवतात. जागृतीनंतर त्यांनी खरा कंट्रोलर पुन्हा पकडला नाही, तर यादीत नाव दिसते पण बटण चालत नाही.

तिसरे मत फर्मवेअर आणि क्रम यांना महत्त्व देते, आणि उपलब्ध पुरावा त्याच बाजूला अधिक झुकतो. आसुसच्या आरओजी एलाय (२०२३) या यंत्रासाठी कर्नलच्या आसुस-डब्ल्यूएमआय ड्रायव्हरमध्ये जी तजवीज करावी लागली ती बोलकी आहे: झोपण्यापूर्वी एसीपीआयमधील (वीज-व्यवस्थापनासाठी फर्मवेअर व कर्नल यांच्यातील दुव्यातील) एका आज्ञेने कंट्रोलरचा यूएसबी हब बंद करायचा, त्यानंतर सेकंदाच्या आसपास थांबायचे आणि मगच पुढे जायचे. ही उसंत दिली नाही तर मायक्रोकंट्रोलर अर्धवट अवस्थेत अडकतो. पुढे उत्पादकाने फर्मवेअर सुधारले. २०२५ मधील कर्नल या फर्मवेअरची आवृत्ती तपासतो. मूळ एलायसाठी ३१९ व एलाय एक्ससाठी ३१३ हे किमान क्रमांक धरलेले आहेत. आवृत्ती जुनी असल्यास लॉगमध्ये तशी सूचना येते.

उपायांचा क्रमही यावरून ठरतो. आधी बायॉस व कंट्रोलरचे फर्मवेअर, मग कर्नल, मग मधल्या सेवा अद्ययावत कराव्यात. यूएसबी यादीतच कंट्रोलर नसेल तर दोष खालच्या थरात आहे. यादीत आहे, इव्हटेस्ट या बटणे तपासणाऱ्या साधनात हालचाल दिसते, पण गेममध्ये नाही, तर सेवा पुन्हा सुरू करून पाहावी. सिस्टमडीच्या (लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) निद्रा-स्क्रिप्टने जागृतीनंतर ड्रायव्हर सोडवून पुन्हा जोडणे हा फार प्रचलित तोडगा आहे. तो चालतो, पण मलमपट्टीच. यूएसबीकोअर या कर्नल-भागाच्या क्वर्क्समधून (विशिष्ट उपकरणांसाठीच्या अपवाद-नोंदींतून) रीसेट-रिझ्यूम, म्हणजे उठताना उपकरण रीसेट करणे, लादणेही शक्य आहे. आपोआप जागे होण्यावर सिसएफएसमधील (कर्नलची उपकरण-माहिती दाखवणाऱ्या फायलींतील) त्या उपकरणाची ‘वेकअप’ नोंद बंद ठेवतात. ती सहसा रीबूटनंतर मूळपदावर येत असल्याने यूडेव्ह नियम (उपकरण जोडले जाताच आपोआप लागू होणारा) लिहावा लागतो.

कोकण किनारपट्टी : अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत खारी, दमट हवा निदानात घोळ घालते. क्षारामुळे तांब्या-पितळेच्या संपर्कबिंदूंवर थर चढतो. लीजन गोसारख्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरच्या पिनांना हा धोका अधिक. रीबूटनंतर कंट्रोलर दर वेळी नीट चालत असेल तर दोष जागृतीचा. रीबूट करूनही तुटक चालत असेल तर आधी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. स्टिक आपोआप सरकणे ही तर निराळीच तक्रार आहे, ती झोपेच्या खाती घालू नये. कोकण रेल्वेच्या प्रवासात, उक्षी व भोके यांदरम्यानच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात नेटवर्क गेल्याने ऑनलाइन गेम तुटतो, त्याचाही झोपेशी संबंध नाही. निसर्ग (जून २०२०) व तौक्ते (मे २०२१) या चक्रीवादळांनंतर अनेक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. एस२आयडलमध्ये बॅटरी झिरपत राहते, म्हणून वादळाचा इशारा असताना यंत्र झोपवण्याऐवजी पूर्ण बंद करावे.