छापील करारातला कायदा कोणी केला?

करार म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून, घासाघीस करून ठरवलेली गोष्ट, हे चित्र एकोणिसाव्या शतकात कायद्याच्या पुस्तकांत पक्कं झालं. सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेला करार न्यायालयांनी पाळायला लावलाच पाहिजे, असं इंग्लंडमध्ये न्यायाधीश जॉर्ज जेसल यांनी १८७५ साली ठणकावलं. गंमत अशी, की तोवर रेल्वेच्या छापील पावत्यांनी ही घासाघीस संपवत आणली होती. १८७७ च्या पार्कर खटल्यात स्टेशनवर ठेवायला दिलेली बॅग हरवली, आणि पावतीच्या मागे छापलं होतं की कंपनीची जबाबदारी १० पौंडांपुरतीच.

अशा करारांना फ्रेंच विधिज्ञ रेमों सालेय यांनी १९०१ मध्ये ‘सामील होण्याचा करार’ (contrat d’adhésion) असं नाव दिलं. त्याचा आशय असा, की इथे ठरवायचं काहीच नसतं, आधीच मांडलेल्या अटींना फक्त सामील व्हायचं असतं. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या फ्रीडरिख केस्लर यांनी १९४३ च्या लेखात हा धागा राजकारणापर्यंत नेला. बडी कंपनी एकच मसुदा लाखोंच्या गळ्यात मारते तेव्हा ती कायदाच करत असते, फक्त हुकूमशाहीचा देखावा न करता. उद्योगपतींच्या हाती नवी सरंजामशाही येईल, अशी त्यांना भीती होती. मला हा लेख या सगळ्या चर्चेचा कणा वाटतो.

अमेरिकन विधिज्ञ कार्ल लुवेलिन यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘युनिफॉर्म कमर्शियल कोड’मधल्या, म्हणजे राज्यांनी स्वीकारावा म्हणून लिहिलेल्या व्यापारी कायद्याच्या नमुना मसुद्यातल्या, २-३०२ या कलमाने जाचक अट नाकारण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. पण जाचक म्हणजे काय, हे त्यात कुठेच नव्हतं. वॉशिंग्टनमधल्या विल्यम्स विरुद्ध वॉकर-थॉमस फर्निचर कंपनी या खटल्यात त्याचा अर्थ लागू लागला. सरकारी मदतीच्या महिना २१८ डॉलरवर घर चालवणाऱ्या एका बाईंनी १९६२ मध्ये ५१४.९५ डॉलरचा स्टिरिओ हप्त्यावर घेतला. दुकानाच्या करारातली मेख अशी, की प्रत्येक हप्ता आजवर घेतलेल्या सगळ्या वस्तूंवर थोडा थोडा वाटला जाई. त्यामुळे १९५७ साली ४५.६५ डॉलरला घेतलेल्या वस्तूवरही २५ सेंट बाकी दिसत होते, आणि हप्ता थकताच दुकान सगळ्याच वस्तू उचलून न्यायला मोकळं. घेणाऱ्याला खरी निवड नव्हती आणि अटी समोरच्याच्या बाजूने अवाजवी झुकलेल्या होत्या, तर करार जाचक ठरू शकतो, असं न्यायाधीश स्केली राइट यांनी १९६५ मध्ये म्हटलं आणि प्रकरण फेरतपासणीसाठी खाली पाठवलं. दोनच वर्षांनी कायद्याचे प्राध्यापक आर्थर लेफ यांनी २-३०२ च्या मोघमपणाची यथेच्छ टर उडवली.

१९७१ मध्ये कायद्याचे आणखी एक प्राध्यापक डेव्हिड स्लॉसन यांनी केस्लरचा मुद्दा पुन्हा उचलला. छापील करार हा खासगी कायदा असेल, तर ज्यांच्यावर तो लागू होतो त्यांची संमती कुठे आहे? १९९५ मध्ये ॲलन श्वार्ट्झ आणि रॉबर्ट स्कॉट यांनी तोच प्रश्न कोडचे मसुदे लिहिणाऱ्या संस्थांना लावला. या संस्थांचे सदस्य लोकांनी निवडलेले नसतात, आणि संघटित धंद्याचं वजन तिथे सहज पडतं.

लवकरच त्याचा अनुभवही आला. सॉफ्टवेअरच्या करारांसाठीच्या ‘युसिटा’ या मसुद्यातून त्याची एक जनक संस्था, अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट, १९९९ मध्ये बाहेर पडली. तो फक्त व्हर्जिनिया आणि मेरीलँडने स्वीकारला. पण करारात ‘व्हर्जिनियाचा कायदा लागू’ एवढी ओळ टाकली, की तिथे मत नसलेला आयोवातला ग्राहकही त्या कायदेमंडळाच्या नियमांखाली येणार होता. म्हणून आयोवा, नॉर्थ कॅरोलायनासारख्या काही राज्यांनी उलट कायदे केले: अशी ओळ आमच्या रहिवाशांना बांधील नाही.