घरचा आकाशकंदील : कागद लावण्याआधी एवढे जरूर वाचा

आमचा बांबूच्या कामट्यांचा संच नेलेल्या ग्राहकांकडून नवरात्र संपले की एकच प्रश्न सुरू होतो : "सगळे नीट बांधले, तरी कंदील पिळल्यासारखा का दिसतो? कामट्या लहान-मोठ्या आहेत का?" कामट्या लहान-मोठ्या नसतात. एकेक मापून, टोकांना खाच पाडूनच त्या संचात जातात. कंदील पिळला जातो तो चौकोनांचे कर्ण न बांधल्यामुळे. बाकीच्या चुका सुधारता येतात. ही चूक मात्र कागद लागल्यावरच लक्षात येते, आणि मग घरातल्या सगळ्यांची अख्खी संध्याकाळ कागद सोलण्यात जाते. म्हणून हे पत्रक.

संचात काय आहे ते आधी पाहून घ्या. साडेआठ इंचांच्या २८ कामट्या आहेत. लागतात २४, चार जास्तीच्या, कारण एखादी मुलांच्या हातून मोडतेच. दोन लांब कामट्या आहेत. सुती दोऱ्याचे एक रीळ आणि पतंगी कागदाचे तीन ताव आहेत : एक चौकोनांसाठी, एक त्रिकोणांसाठी, एक झिरमिळ्या आणि शोभेच्या कागदी करंज्यांसाठी. ताव गुंडाळूनच ठेवा. घडी पडली की ती रेघ दिवा लागल्यावर उठून दिसते. पावसाळ्यात घेतलेला संच असेल तर कामट्यांना आधी दोन-तीन तास ऊन दाखवा. ओलसर कामटीवर काळे ठिपके येतात आणि गाठही सैल पडते.

सांगाडा कसा उभा राहतो

पारंपरिक कंदील म्हणजे सहा चौकोन. एक वर, एक खाली आणि मध्ये चार, एका कोपऱ्यावर उभे केलेले. हे सहा कोपऱ्याला कोपरा जोडून बांधले की मधल्या फटींत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, वर चार आणि खाली चार. त्रिकोणांसाठी वेगळ्या कामट्या लागत नाहीत. चौकोनाच्या चार याप्रमाणे चोवीस कामट्यांत सगळे होते.

आता कळीची गोष्ट. तीन कामट्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चार कामट्यांचा चौकोन सोडतो. गाठ कितीही घट्ट असली तरी दोरा थोडा फिरतोच आणि चौकोनाचा पतंग होतो. या सांगाड्यात सहाही चौकोन एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एक कलला की बाकीचे पाचही कलतात आणि सगळा सांगाडा गोल फिरत पिळला जातो. एकच बाजू सरळ करायला गेलात तर दुसरी वाकते. हा सांगाड्याच्या आकाराचाच गुण आहे. जाड कामट्या किंवा जास्त दोरा वापरून तो जात नाही.

उपाय सोपा आहे : प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, फुलीसारखे दोन दोरे ताणून बांधायचे. एका चौकोनाला पाच मिनिटे लागतात.

"डोळ्यांना तर चौकोन सरळ दिसतो" असे बरेच जण म्हणतात. पण आठ इंचांच्या चौकोनाचा एक कर्ण ११.६ इंच आणि दुसरा ११ इंच असेल, तर कोपरा ९० ऐवजी ८७ अंशांचा झालेला असतो. तीन अंशांचा फरक डोळ्यांना कळत नाही, कागदाला कळतो. त्या चौकोनावर कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या सुरकुत्या पडतात. कागद चिकटवायची मैद्याची खळ सुकताना कागद ताणला जातो आणि आधीच कललेली बाजू आणखी ओढतो. शेवटचा कागद लागेपर्यंत तीन अंशांचे सहा-सात होतात, आणि ते समोरच्या इमारतीतूनही दिसतात.

बांधताना

प्रत्येक कामटीच्या दोन्ही टोकांना पाव इंच आत खाच आणि पेन्सिलीची खूण आहे. गाठ त्या खुणेवरच हवी. खाचेपासून खाचेपर्यंत बरोबर आठ इंच भरतात, टोके बाहेर राहिलेली चालतात. टोकाला टोक जुळवून बांधले की प्रत्येक बाजू वेगवेगळ्या मापाची होते आणि मग खरोखरच कामट्या लहान-मोठ्या वाटू लागतात. कामटीची गुळगुळीत हिरवट पाठ बाहेरच्या बाजूला ठेवा. आतली बाजू तुसांची असते, त्यात कागद अडकून फाटतो.

चौकोन जमिनीवर सपाट ठेवून बांधा, हातात धरून नको. दोऱ्याचे तीन वेढे एका दिशेने, तीन आडवे, मग गाठ. गाठीवर खळीचे बोट फिरवा. सुकल्यावर गाठ सरकत नाही.

संचातल्या लांब कामट्या आधी मापासाठी वापरायच्या आहेत. त्यांच्यावरच्या दोन खुणांमध्ये ११.३ इंच अंतर आहे, म्हणजे आठ इंचांच्या चौकोनाचा कर्ण. बांधलेल्या चौकोनावर ही कामटी एका कर्णावर ठेवा, खुणा कोपऱ्यांच्या गाठींवर आणा, दोरा बांधा. मग दुसऱ्या कर्णावर तेच. पाच चौकोन असे झाले की सहाव्या, म्हणजे वरच्या चौकोनात दोऱ्याऐवजी या दोन्ही लांब कामट्याच फुलीसारख्या बांधून टाका. दिव्याचा होल्डर आणि टांगण्याची दोरी त्यांच्या मधल्या छेदावर येते.

स्वतः कामट्या आणून मोठा कंदील करणाऱ्यांसाठी हिशेब असा : बाजूला १.४१ ने गुणले की कर्ण मिळतो. सहा इंचांना साडेआठ, बारा इंचांना सतरा. चाळीच्या चौकात लावायला दोन फुटी कामट्यांचा करणार असाल तर ३४ इंच, आणि तिथे कर्णाला दोऱ्याऐवजी कामट्याच घाला.

जोडणीच्या वेळी माणसे लागतात. खालचा चौकोन जमिनीवर ठेवायचा, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार चौकोन कोनावर उभे करायचे, शेजारच्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधायचे आणि वर सहावा चौकोन ठेवायचा. खाली चार, मध्ये चार, वर चार अशा बारा गाठी. एकटा माणूस हे करू शकत नाही असे नाही, पण दोघांनी धरले आणि तिसऱ्याने बांधले तर वीस मिनिटांत होते.

सावलीची काळजी करणाऱ्यांना : पांढऱ्या सुती दोऱ्याची सावली अगदी पुसट पडते. तरीही नको असेल तर सगळे कागद पूर्ण सुकल्यावर वरच्या उघड्या चौकोनातून हात घालून दोरे कापा. सुकलेला कागदच मग चौकोनाला धरून ठेवतो. कागद ओला असताना मात्र दोऱ्यांना हात लावू नका.

खळ आणि कागद

दोन मोठे चमचे मैदा अर्धा कप थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा, वर अर्धा कप पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा. गरम पाण्यात कोरडा मैदा टाकला तर गुठळ्या मोडत नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात खळ दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. जुनी मंडळी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची. मोरचूद विषारी आहे, मुले हाताने खळ लावणार असतील तर अजिबात नको. महिनाभराच्या कंदिलाला त्याची गरजही पडत नाही.

"संचात फेव्हिकॉल का देत नाही?" फेव्हिकॉल उत्तम चिकटतो, अडचण तीच आहे. कागद वाकडा बसला तर खळीवरून तो मिनिटभर सरकवता येतो, आणि पुढच्या वर्षी ओल्या फडक्याने कामटी स्वच्छ होते. फेव्हिकॉल सुकल्यावर कागद सोलताना कामटीचे धागेच निघतात. जिलेटीनचा कागदही याच विचाराने देत नाही. तो खळीला धरत नाही आणि त्याच्या सुरकुत्या जात नाहीत.

कागद मापाने आधीच कापून ठेवू नका. सांगाडा तावावर ठेवा, कामटीच्या बाहेरून पेन्सिल फिरवा, चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त सोडून कापा. एका तावात मधले चारही चौकोन बसतात. दुसऱ्यात आठही त्रिकोण बसतात, पण एक सुलटा, शेजारचा उलटा असे मांडले तरच. कोपऱ्यांवर कागदाचा तुकडा तिरपा छाटून टाका, नाहीतर तिथे घड्यांचा गठ्ठा होतो.

खळ कामटीला लावायची, कागदाला नाही, आणि बोटाने पातळ. जास्त झाली तर पतंगी कागदाचा रंग सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या त्रिकोणावर उतरतो. कागद हलका ताणून ठेवा, खेचू नका. ओला कागद थोडा सैल पडतो आणि सुकताना स्वतःच ताठ होतो, आधीच खेचलेला तेव्हा फाटतो. आधी मधले चार चौकोन, मग वरचे त्रिकोण, शेवटी खालचे. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवा. आतली गरम हवा बाहेर जायला वाट हवी.

हे काम सकाळी नऊ ते दुपारी तीनच्या दरम्यान उरका. संध्याकाळी समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेत खळ रात्रभर ओलसर राहते. सुकवायला पंखा लावायचा असेल तर कमी वेगावर आणि लांबून.

कोण काय करेल

सगळे एका बैठकीत करायचा अट्टहास नको. कोजागरीपासून वसुबारसेपर्यंत साधारण बारा दिवस मिळतात. कोजागरीला गच्चीवर किंवा गॅलरीत शेजारीपाजारी, मित्रमंडळी जमतातच, तेव्हा चौकोन बांधून घ्या. मसाला दूध आटेपर्यंत तीन-चार घरांचे चौकोन सहज होतात. कागद मात्र त्या रात्री बाहेर काढू नका. दव पडते, आणि दुधाचा एक थेंबही डाग सोडतो. पुढच्या शनिवारी जोडणी, रविवारी कागद.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना झिरमिळ्या द्या : कागदाची पट्टी दुमडून एका बाजूने अर्ध्या-अर्ध्या इंचावर कापत जायचे, वरचे दोन इंच सोडून. बोथट कात्री पुरते. आठ-नऊ वर्षांपुढची मुले कर्णाचे माप छान घेतात, आणि हे काम त्यांच्याकडेच सोपवा, कारण खूण गाठीवर आली की नाही हे ती मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे बघतात. गाठी आजी-आजोबांकडे. झिरमिळ्या खालच्या चार कोपऱ्यांना, दीड फूट लांब. करंज्या मधल्या चार कोपऱ्यांना. दोन्ही सर्वांत शेवटी, कंदील टांगलेला असताना लावा, म्हणजे तोल कळतो.

दिवा

तीन ते पाच वॉटचा एलईडी, त्याहून मोठा नको. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद करपतो. पणती किंवा मेणबत्ती या कंदिलात कधीही नाही. दिवा कागदापासून चार इंच तरी लांब असावा. आठ इंची कंदिलात मधोमध लावला तर राहतो. कंदिलाचे वजन टांगण्याच्या दोरीवर घ्या, वायरवर नको. होल्डर कागद लावण्याआधी बसवून, दिवा एकदा लावून पाहा. वरच्या मजल्यांवर वारा असतो, तिथे खालच्या चौकोनापासून एक दोरा गॅलरीच्या गजाला सैलसर बांधा. परतीचा पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला तर कंदील ग्रिलच्या आतच बरा.

आमच्याकडून काय मिळेल

बांधलेला सांगाडा आम्ही विकत नाही. लोकलच्या गर्दीत तो घरापर्यंत धड पोचत नाही, आणि बांधण्यातच तर सगळ्यांची मजा आहे. तयार कंदील हवा असेल तर माहीमच्या कंदील गल्लीत एकाहून एक सुंदर मिळतात, तिकडे जरूर जा. मोडलेली किंवा मापात न बसणारी कामटी आम्ही विनामूल्य बदलून देतो. कापलेला कागद परत घेत नाही. सांगाडा बरोबर झाला की नाही अशी शंका असेल तर कागद लावण्याआधी दुकानात घेऊन या, दुपारी दोन ते पाचमध्ये, मापून देऊ. कागद लावलेला सांगाडा आणलात तर आम्हीही तो सोलायलाच सांगणार. धनत्रयोदशीनंतर गर्दीमुळे हे पाहता येत नाही.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील उतरवला की कागद ओल्या फडक्याने काढा आणि सांगाडा टाकून देऊ नका. वरच्या चौकोनातल्या लांब कामट्या सोडवा, उरलेले कर्णाचे दोरे कापा, सांगाडा एका त्रिकोणावर बसवून वरच्या त्रिकोणाला हलकेच खाली दाबा. तो आकसतो आणि माळ्यावर कमी जागेत मावतो. पुढच्या वर्षी फक्त कागद आणि दोऱ्याचा संच न्या. तो वेगळा मिळतो, पूर्ण संचाच्या साधारण निम्म्या किमतीत.