आईला दाखल करायचं, मग बाळाचं काय?

बाळंतपणानंतर हजारात एक-दोघींना तीव्र मनोविकार होतो, तोही बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप उडते, बोलणं तुटक होतं, ‘हे माझं बाळ नव्हेच, कुणीतरी बदललंय’ असं ती म्हणू लागते. घरचे बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करत बसतात आणि नेमके धोक्याचे दिवस त्यातच जातात. दाखल केलंच, तर बाळाची रवानगी आजीकडे. अंगावरचं दूध तिथेच तुटतं.

१९४८ साली लंडनजवळच्या कॅसल रुग्णालयात डॉ. टॉम मेन यांनी एका आईला तिच्या लहानग्यासह दाखल करून घेतलं. माता-बाल विभागांची सुरुवात तिथून मानतात. आपल्याकडची वाट निराळी. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातलगांनाच आवारात तंबूत राहायला बोलावलं. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ मध्ये माता-बाल विभाग निघाला, तिथेही आईसोबत घरचं माणूस राहतं. यात नुसती सोय नाही. रात्रीचं बाळाचं सोबतिणीने पाहिलं की आईला सलग झोप मिळते, आणि जागरणाने हा आजार भडकतो. बाळाला इजा करावीशी वाटते का, हे आईला सरळ विचारायचं असतं. विचारल्याने तसं मनात भरत नाही.

कायद्यात हे आलं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम २१ मध्ये. तीन वर्षांखालचं मूल दाखल आईपासून सहसा तोडायचं नाही. मुलाला धोका असेल तर तात्पुरतं वेगळं ठेवता येतं, पण देखरेखीखाली भेट चालू राहते, दर १५ दिवसांनी फेरविचार होतो आणि सलग ३० दिवसांपुढे संबंधित मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी लागते.

तीन वर्षांवरच्या मुलाला मात्र हे कलम लागू नाही; बाप दाखल असेल तर तान्ह्यालाही नाही. तिथे उरतो २०१५ चा बालन्याय कायदा: १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन, २४ तासांत मूल बालकल्याण समितीपुढे, १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल. पण त्या चौकशीत समिती आईबापाला ‘अपात्र’ किंवा ‘असमर्थ’ ठरवू शकते, आणि त्या शिक्क्याच्या धास्तीनेच नातलग फोन करायचं टाळतात.