ऑस्कर आणण्याआधीचे सहा आठवडे

दुकानातल्या पिशवीत ऑस्कर माशाचं पिल्लू दोन बोटांएवढं असतं. काळसर अंगावर नागमोडी पांढुरके पट्टे, मोठे डोळे. बघताक्षणी घ्यावंसं वाटतं आणि दीड फुटी टाकीत ते शोभूनही दिसतं. पण हा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. नीट खायला मिळालं तर सुरुवातीला महिन्याला जवळपास इंचभर वाढतो, पुढे फूटभर होतो आणि दहा-बारा वर्षं जगतो. एका ऑस्करलाही चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी हवीच. तीत साधारण 250 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन पाव टन. तेव्हा आधी स्टँड मजबूत आहे का, लेव्हलमध्ये आहे का, ते बघा.

टाकी भरली की लगेच मासा मात्र सोडू नका. ऑस्कर खादाड, त्यामुळे घाणही तेवढीच. माशाच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः अमोनिया होऊन कल्ल्यांतून थेट पाण्यात उतरतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो आणि कल्ल्यांनाच इजा करतो. बोअरचं पाणी अल्कधर्मी असेल तर हाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. सुटका करतात ते जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही घातक, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं की आटोक्यात राहतं.

हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजला आणि खडीला धरून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस फिल्टर चालू ठेवून जिवाणूंना खाद्य म्हणून थोडा थोडा अमोनिया घालायचा आणि किटने पाणी तपासत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासा आणायचा. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरता स्पंज मिळाला, तर काम बरंच लवकर होतं.

माझा पहिला ऑस्कर मी या अज्ञानापायी गमावला. स्पंज तपकिरी, बुळबुळीत झाला म्हणून नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आणि माझ्या हातांनी मिळून ती वस्ती धुऊन टाकली. तिसऱ्या दिवशी मासा पृष्ठभागाशी तोंड उघडून उभा होता, कल्ले भराभर हलत होते. आता टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज हलकेच खळबळतो. नवं पाणी घालताना क्लोरीन मारणारं औषध टाकतो.

ऑस्कर सिक्लिड कुळातला. आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांतली कालुंदर याच कुळातली. या माशांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते आणि खाणं तिथे चिरडलं जातं. पेलेट्स, म्हणजे खाद्याच्या गोळ्या, टाकल्यावर ऑस्कर थांबून चावल्यासारखं करतो, कल्ल्यांतून भुगा उडतो, ते हेच.

सजावटीवर खर्च करू नका. तो खडी उकरतो, झाडं उपटतो, हीटरलाही धडका देतो. हीटरला जाळी बसवा आणि पाणी 25 ते 27 अंशांवर ठेवा. दगड ठेवलेच तर थेट तळकाचेवर टेकवा, खडीवर नको. खालची खडी उकरली गेली की दगड कलंडतो आणि काच फुटते.