आर्मी–नेव्ही सामना आणि जनरल मॅकआर्थर

अमेरिकेतील वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी व ॲनापोलिसची नौदल अकादमी यांच्यात १८९० साली सुरू झालेला महाविद्यालयीन फुटबॉलचा सामना आणि जनरल डग्लस मॅकआर्थर (१८८०–१९६४) यांचे नाते जन्मभराचे होते. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू छातीशी धरून, समोरच्यांना अंगावर घेत मुसंडी मारण्याचा तो खेळ आहे.

मॅकआर्थर स्वतः वेस्ट पॉइंटला बेसबॉल खेळत. फुटबॉल संघाचे ते विद्यार्थी-व्यवस्थापक होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ ते १९२२ या काळात अकादमीचे प्रमुख असताना त्यांनी प्रत्येक कॅडेटला मैदानी खेळ सक्तीचे केले. मैत्रीच्या झुंजीत पेरलेले बी पुढे दुसऱ्या मैदानांवर विजयाचे पीक देते, या अर्थाचे त्यांचे शब्द व्यायामशाळेवर कोरले गेले. त्याच सुमारास तिथे शिकणारे अर्ल ब्लेक पुढे आर्मी संघाचे प्रशिक्षक झाले आणि दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

या नात्याचा कळस म्हणजे २ डिसेंबर १९४४ चा सामना. युद्धकाळात प्रवासावर बंधने होती. १९४२ मध्ये वेस्ट पॉइंटचे कॅडेट ॲनापोलिसला जाऊ शकले नाहीत, तेव्हा नौदलाच्याच काही विद्यार्थ्यांना आर्मीच्या नावाने घोषणा द्यायला बसवले होते! १९४४ चा सामना मात्र बाल्टिमोरच्या मोठ्या स्टेडियमवर हलवला गेला. तिकिटासोबत युद्धरोखे, म्हणजे युद्धखर्चासाठी सरकारने काढलेले कर्जरोखे, घ्यावे लागत. त्यातून ५ कोटी डॉलरपेक्षा अधिक रक्कम उभी राहिली. आर्मी देशात पहिल्या क्रमांकावर, नेव्ही दुसऱ्या. शिवाय मागची सलग पाच वर्षे आर्मी हरत आलेली. डॉक ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस या खेळाडूंच्या जोडीच्या आर्मी संघाने २३–७ असा विजय मिळवून हंगामात एकही पराभव पत्करला नाही.

मॅकआर्थर तेव्हा फिलिपिन्समधील लेयते बेटावरची मोहीम चालवत होते. तिथून त्यांनी ब्लेक यांना तार केली: आर्मीचा आजवरचा हा सर्वश्रेष्ठ संघ, तुमचे यश साजरे करण्यासाठी आम्ही युद्ध थांबवले आहे. प्रत्यक्षात लढाई क्षणभरही थांबली नव्हती. पाचच दिवसांनी अमेरिकी सैन्य त्याच बेटावर ओर्मोकजवळ उतरले. तरीही त्या एका ओळीतून सेनापतीच्या मनातला जुना कॅडेट जितका दिसतो, तितका त्यांच्या लांबलचक भाषणांतूनही क्वचितच दिसत असेल.

१९५९ पासून महाविद्यालयीन फुटबॉलमधील राष्ट्रीय विजेत्याला त्यांच्या नावाचा ‘मॅकआर्थर बोल’ दिला जातो. तो चषक म्हणजे स्टेडियमची चांदीची प्रतिकृती आहे.