गोगलगाय : चलन व संवेदन

गोगलगाय हा मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील शंखधारी प्राणी होय. प्रस्तुत नोंद जमिनीवरील गोगलगायींपुरती आहे. त्यांचे चालणे आणि परिसराची जाण या दोन्ही क्रिया ओलाव्यावर अवलंबून असल्याने येथे त्यांचा एकत्र विचार केला आहे. बडोद्यात पावसाने जोर धरला, की सयाजीराव गायकवाडांनी १८७९ मध्ये उभारलेल्या कमाटीबागेतील वाफ्यांच्या कडेला आणि दांडिया बाजाराकडील जुन्या घरांच्या परसात, कुंड्यांच्या बुडाशी त्या आढळतात. एखादी गोगलगाय काचेवर ठेवून खालून पाहिल्यास तिचे चलन नीट समजते.

शरीराखालचा सपाट, स्नायुमय भाग म्हणजे पाद. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण लबाडीविषयी असली, तरी शरीररचनेच्या दृष्टीनेही ती अचूक आहे. काचेतून पाहताना या पादावर गडद आडवे पट्टे शेपटाकडून डोक्याकडे सरकताना दिसतात. त्या स्नायूंच्या आकुंचनाच्या लाटा असून, लाटेत सापडलेला भाग पुढे जातो आणि दोन लाटांमधला भाग तेवढा वेळ पृष्ठभागाला धरून राहतो. अशा अनेक लाटा एकाच वेळी चालू असल्यामुळे प्राणी न थबकता सरकतो. मुखाखालच्या ग्रंथीतून पाझरणारा चिकट श्लेष्म (बुळबुळीत स्राव) यात निर्णायक ठरतो. थोड्या ताणाखाली तो घनासारखा वागतो, ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पातळ होतो आणि ताण ओसरताच पुन्हा घट्ट होतो, म्हणून तोच थर एका जागी चिकटवण्याचे, तर शेजारच्या जागी घसरू देण्याचे काम करतो. जीवशास्त्रज्ञ मार्क डेनी यांनी १९८० मध्ये शंखहीन गोगलगायीवर केलेल्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले. तेवढेच अंतर धावून जाणाऱ्या प्राण्याच्या तुलनेत या सरकण्याला कितीतरी अधिक ऊर्जा लागते आणि तिचा मोठा वाटा श्लेष्म तयार करण्यात जातो.

डोक्यावर बहुधा शृंगिकांच्या, म्हणजे शिंगांसारख्या मऊ संवेदी अवयवांच्या, दोन जोड्या असतात. वरच्या, लांब जोडीच्या टोकाशी काळ्या ठिपक्यासारखा डोळा असतो. त्याला उजेड-अंधार आणि ढोबळ आकार कळतात, पण बारकावे नाहीत. या शृंगिकांचे खरे मोल गंध टिपण्यात आहे, आणि गंधाचे ज्ञान करून देणारा चेतापेशींचा पुंजका टोकाजवळच असतो. खालची आखूड जोडी जमिनीलगत स्पर्श व चव पारखते. शृंगिकेला बोट लागताच आतला स्नायू तिचे टोक ओढून घेतो आणि मोजा उलटा करावा तशी ती डोळ्यासकट आत वळते. गोगलगायीला कान नाहीत. मात्र शरीरातील द्रवाने भरलेल्या दोन सूक्ष्म पिशव्यांतील चुनकणांच्या भारावरून तिला वर-खाली कोणते ते समजते.

आधीच्या गोगलगायीने सोडलेला माग रासायनिक खुणांवरून ओळखून दुसरी त्यावरून जाऊ शकते, आणि जोडीदार शोधताना याचा उपयोग होतो. हवा कोरडी पडली, की अनेक जाती शंखात शिरून तोंडाशी श्लेष्माचा पडदा धरतात. तो वाळून पक्का झाला म्हणजे शरीरातील पाणी टिकते, आणि चलन पुढच्या ओलाव्यापर्यंत बंद राहते.