अनॅरोबिक बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनवरचे उपचार

अनॅरोबिक म्हणजे ज्यांना ऑक्सिजन नको असतो ते बॅक्टेरिया. हे बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत, आपल्याच हिरड्यांच्या फटीत, मोठ्या आतड्यात मुक्कामाला असतात आणि तिथे असेपर्यंत काही त्रास नसतो. पण अपेंडिक्स फुटलं, दाढ मुळापर्यंत किडली, नाहीतर बेशुद्ध माणसाच्या तोंडातलं फुप्फुसात उतरलं की ते नको तिथे पोचतात, आणि रक्तपुरवठा तुटलेल्या जागी तर त्यांचं चांगलंच फावतं.

उपचारात पहिलं काम पू बाहेर काढणं, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. गळू पिकलेलं असताना लोक गोळ्यांवर गोळ्या खात बसतात, पण पुवाच्या पोकळीत रक्तच जात नाही तर औषध तरी कसं पोचणार? चीर दिली की जो सडका वास सुटतो त्यावरूनच डॉक्टरांना अंदाज येतो. तपासणीला पू सिरिंजमध्ये ओढून घेतलेला बरा, कापसाच्या बोळ्यावर हवा लागून हे बॅक्टेरिया मरतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. कल्चरला, म्हणजे पुवातले बॅक्टेरिया वाढवून ओळखायला, दोन-चार दिवस लागतातच, तोवर औषध अंदाजाने सुरू करतात.

औषधांत मुख्य मेट्रोनिडाझोल. ते आलं ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीसाठी, पण त्यासाठी ते घेणाऱ्या एका बाईच्या सडलेल्या हिरड्याही बऱ्या झाल्या, 1962 मध्ये ते छापून आलं आणि अनॅरोबिकवरचा उपयोग तिथून कळला. ऑक्सिजन नसलेल्या पेशीतच हे औषध जागं होतं आणि तिचा डीएनए तोडतं. तोंडाला धातूची चव येते, लघवी गडद होते, त्याला घाबरायचं नाही, मात्र दारू टाळायला सांगतात. पोटातल्या इन्फेक्शनमध्ये ऑक्सिजनवाले बॅक्टेरियाही सोबत असतात म्हणून जोडीला सेफ्ट्रायॅक्सोनसारखं दुसरं औषध लागतं, किंवा एकटं पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम दोन्हीकडे चालतं. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिकं अनॅरोबिकवर बिनकामाची, कारण त्यांना पेशीत शिरायलाच ऑक्सिजन लागतो.

गॅस गँगरीनमध्ये, म्हणजे हे बॅक्टेरिया स्नायूत शिरून तो सडवतात तेव्हा, तर तास मोजायचे असतात. जखमेपेक्षा वेदना कितीतरी जास्त, कातडी दाबली की आत हवेचे बुडबुडे करकरतात, तेव्हा मेलेला स्नायू लगेच कापून काढणं आणि शिरेतून पेनिसिलिन-क्लिंडामायसिन. धनुर्वातही अनॅरोबिकचाच, त्यात जखम साफ करून मेट्रोनिडाझोल देतातच, पण शरीरात सुटलेल्या विषासाठी इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे ते विष निकामी करणाऱ्या अँटीबॉडीजचं, इंजेक्शन वेगळं द्यावं लागतं.

आणि कधीकधी अँटिबायोटिकनेच आतड्यातले चांगले बॅक्टेरिया मरून क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल (आधीचं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) हा अनॅरोबिक बॅक्टेरिया माजतो, जुलाब थांबत नाहीत. त्यावर व्हॅन्कोमायसिन चालतं, पण तोंडानेच, शिरेतून दिलेलं आतड्याच्या पोकळीत पुरेसं उतरत नाही.